सोबतीचे दिवस

अर्जाच्या सातव्या पानावर अडले आहे.
कोण कोणासोबत गेलं?

ऑब्री म्हणतो, लिहून टाक ना, तू माझ्यासोबत.
तो नागरिक. लुनेनबर्गचा.
त्याच्या पाच पिढ्या तिथल्या टेकडीवर
समुद्राकडे पाय करून निजल्या आहेत.
मी एतेरी, कुताइसीची.
माझ्याकडे कार्ड आहे, पाच वर्षांच्या मुदतीचं.
त्यावरच्या बाईचे केस लांब आहेत.

सोलवेझीत वीज गेली, पंखा थांबला
की झोप येत नाही, मग आम्ही दिवस मोजतो.
तो मोठ्याने, मी बोटांच्या पेरांवर.
पाच वर्षांचे अठराशे सव्वीस.
त्यातले कॅनडाच्या जमिनीवर सहाशे अकरा,
तेही बर्फात घसरून प्लास्टरमध्ये घालवलेला महिना धरून.
बाकीचे इथे, या लाल धुळीत.

दोन वह्या केल्या आहेत.
निळी राहण्याच्या हक्काची.
नागरिक नवऱ्याबरोबर परदेशात काढलेला दिवस
तिच्यात धरतात, जणू मी तिथेच होते,
झ्विकरबाईंच्या कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत.
तपकिरी नागरिकत्वाची.
तिला नवरा चालत नाही, प्रेम चालत नाही,
तिला पाय लागतात. जमिनीवर टेकलेले.
तिच्यात मी चारशे चौऱ्याऐंशी दिवसांनी कमी आहे.

म्हणजे एकाच मंगळवारचे दोन भाव.
तोच मंगळवार, तीच मक्याची लापशी,
तेच भांडण मच्छरदाणीच्या भोकावरून.

ऑब्रीचे वडील गेले तेव्हा तो एकटाच गेला,
मला रजा नव्हती.
एकोणीस दिवस.
ते मी दोन्ही वह्यांतून खोडले.
खोडताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
बाकी काही झालं नाही.

हॅलिफॅक्सच्या खिडकीतला माणूस
त्याला म्हणतो, या, घरी आलात.
मला विचारतो, किती दिवस?
माणूस वाईट नाही. दोन्ही वाक्यं हसूनच म्हणतो.

पण सातवं पान.
खरं सांगायचं तर नेमणुकीचं पत्र माझ्या नावाचं होतं.
भूल देणारी डॉक्टर हवी होती त्यांना.
ऑब्री होड्या बांधतो.
सोलवेझीला समुद्र नाही.
त्याने रंधा, पटाशी गोणपाटात गुंडाळली
आणि माझ्या मागून आला,
इथे शाळेचे बाक करतो, इस्पितळाच्या खाटांना पाय लावतो,
आणि एका खाटेला, कुणाला न सांगता,
होडीच्या नाळेसारखा बाक दिला आहे.

मग सोबत कोणाची?
जो मागून आला तो सोबत होता का,
की जी पुढे गेली ती?
माझ्या भाषेत एका शब्दात भागलं असतं.
या पानावर दोन चौकोन आहेत,
आणि चुकीचा भरला तर
बाराशे दिवस, बसल्या जागी, मातीमोल.
वकील म्हणाली, खोटं लिहू नका.
मग जरा थांबून म्हणाली, फार खरंही लिहू नका.

फोन वाजला. सिस्टर चिलुफ्या.
बाळ आडवं आहे, लगेच या.
मी चपला शोधते तोवर ऑब्री बॅटरी घेऊन दारात,
गल्लीत कुत्री असतात म्हणून.
अर्धी वाट तो पुढे होता.
पुलानंतर मी, कारण मला घाई होती
आणि त्याचा गुडघा दुखतो.
फाटकाशी तो थांबला, म्हणाला, बाकावर बसतो.
बाक त्यानेच केलेला.

हात धुताना घड्याळाकडे पाहिलं.
बारा वाजून गेले होते.
निळ्या वहीत एक वाढला.